मीटरवाल्या मिस्बाहचा काटकोनी बाक

इरबिद शहराच्या पूर्वेकडच्या वस्तीत मिस्बाहला आडनावाने कोणी ओळखत नाही. मीटरवाला मिस्बाह म्हटलं की मात्र भाजीवालाही घर दाखवतो. एकतीस वर्षं त्याने लोकांच्या पाण्याचे मीटर वाचले. गुडघे टेकून, लोखंडी झाकण उचलून, चष्मा कपाळावर ढकलून आकडा वहीत उतरवायचा, आणि उठताना त्या आकड्यावरून घरात काय चाललंय त्याचा मनाशी अंदाज बांधायचा. कोणाकडे पाहुणे महिनाभर राहिले, कोणाचा मुलगा परदेशी गेला, कोणत्या घरात आता एकच म्हातारी उरली, हे त्याला शेजाऱ्यांच्या आधी कळायचं. पण तो ते कोणापाशी बोलायचा नाही. आकडा पोटात ठेवायचा, अशी अट त्याने स्वतःच स्वतःला घातली होती.

त्याचं कुतूहल हे त्याच्या घरच्यांना पुरून उरलेलं दुखणं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने रेडिओ उघडला. परत जोडला तेव्हा तीन स्क्रू उरले. रेडिओ छान वाजत होता, तरी हा पठ्ठ्या पंधरा दिवस त्या तीन स्क्रूंची जागा शोधत बसला. बायको इन्साफ म्हणाली, "वाजतोय ना? मग सोडा की." तो म्हणाला, "वाजतोय म्हणूनच तर विचार पडलाय. मग हे तिघे आत काय करत होते?"

निवृत्त झाल्यावर असल्या माणसाचं काय करायचं, हा घरापुढे प्रश्नच होता. तो शारजाहला असलेल्या मुलाने, हैसमने, नकळत सोडवला. त्याने स्वतःसाठी नवा संगणक घेतला आणि जुना कोणाबरोबर तरी घरी पाठवून दिला. इन्साफने आल्या आल्या त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं, जसं टीव्हीला होतं तसंच. धाकटी रुबा सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. तिने संध्याकाळी दोनदा बापाजवळ बसून त्याला चालू कसा करायचा, बंद कसा करायचा ते दाखवलं. तिसऱ्या संध्याकाळी तिने त्याला तक्ते मांडायचा प्रोग्राम उघडून दिला. उभ्या-आडव्या रेघा, रिकाम्या चौकटी, उजवीकडून डावीकडे सरकत जाणारे रकाने. मिस्बाह खुर्चीत पुढे सरकला. ही तर त्याची वहीच होती, फक्त न संपणारी.

मग घरात काही मोजायचं शिल्लक राहिलं नाही. गॅसची टाकी किती दिवस पुरली, गच्चीवरच्या टाक्यांत पाणी सुटायच्या वारी किती पाणी चढलं, तेलाच्या डब्यातलं तेल कोणत्या महिन्यात किती उतरलं, सगळं चौकटीत गेलं.

"अबू हैसम," इन्साफ एकदा भांडी विसळताना हैसमच्या बापाला म्हणाली, "माझ्या चमच्यांनाही नंबर लावणार का?"

"चमचे किती आहेत?" त्याने लगेच विचारलं, आणि रुबा हसून हसून जमिनीवर बसली.

इन्साफ तीस वर्षं मुलींच्या शाळेत पहिलीला शिकवायची. बोलणं मोजकं, आवाज खालचा. तिचा शौक एकच, खिशात मावतील अशा छोट्या रहस्यकथा. खून, चोरी, नाहीशी झालेली वारसदार, रेल्वेच्या डब्यात सापडलेला हातमोजा. पगाराच्या दिवशी जमलं तर बसस्थानकाजवळच्या टपरीवरून एखादी घेऊन यायची. पुस्तकांना घरात कपाट नव्हतं. टोमॅटोच्या लाकडी खोक्यांत भरून ती पलंगांखाली ढकललेली असत. आणि वाचायची कुठे? तर स्वयंपाकघराच्या खिडकीशी, उभ्याने, एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात डाव. मिस्बाहने एकोणचाळीस वर्षं तिला असंच वाचताना पाहिलं होतं. ती बसून का वाचत नाही, असा प्रश्न त्या प्रश्नांच्या कारखान्याला कधी पडला नव्हता.

घरात बसायला सर्वांत उजेडाची जागा होती दिवाणखाना. पण दिवाणखाना पाहुण्यांचा. सोनेरी काठाचे बारा जणांचे कोच, कॉफीच्या कपांचं काचेचं कपाट, दक्षिणेची रुंद खिडकी. घरचं माणूस तिथे बसायचं ते पाहुण्याबरोबर. एरवी दार लावलेलं. ही काही इन्साफवर कोणी लादलेली गोष्ट नव्हती. दिवाणखान्याची खरी रखवालदार तीच होती. रुबा लहानपणी तिथे एकदा बिस्किट खाताना सापडली होती, त्याची आठवण अजून निघायची.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एके सकाळी इन्साफ म्हणाली, "पलंगाखालची खोकी जरा बाहेर काढून द्या. धर्मादाय संस्थेच्या मैसूनबाई महिनाअखेरच्या शनिवारी येतील न्यायला. त्यांच्या बाजारात विकतील, कोणाच्या तरी उपयोगी पडतील."

"सगळी?"

"सगळी."

"का?"

"घरात जागा कुठेय?"

जागा चाळीस वर्षं तेवढीच होती. मिस्बाहला उत्तर पटलं नाही, पण त्याने खोकी काढली. अकरा निघाली. म्हणाला, "देण्याआधी यादी करतो."

"देऊन टाकायच्या वस्तूची यादी कशाला?"

"काय दिलं ते माहीत असावं."

इन्साफने हात झटकले. मिस्बाहने पहिलं खोकं संगणकाशेजारी ओढलं.

नाव, लेखक, पानं, किंमत, विकत घेतल्याचं वर्ष असे रकाने त्याने आखले. वर्ष इन्साफ आतल्या पानावर पेन्सिलीने घालायची. तिसऱ्या पुस्तकात त्याला आणखी एक पेन्सिलीची खूण दिसली. एकेचाळिसाव्या पानाच्या समासात, बारीक अक्षरात, एक नाव लिहिलं होतं, 'माळी'. चौथ्या पुस्तकात छत्तिसाव्या पानावर 'धाकटी जाऊ'. पाचव्यात 'डॉक्टर', आणि पुढे प्रश्नचिन्ह.

मिस्बाहला काही केल्या चैन पडेना. त्याने तिसऱ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण काढून वाचलं. खून माळ्यानेच केला होता. चौथ्यात धाकट्या जावेने. पाचव्यात डॉक्टर नव्हता, डॉक्टरची बहीण होती, पण प्रश्नचिन्ह होतंच की. तो उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. इन्साफ मसूरभाताच्या मुजद्दऱ्यासाठी कांदा तळत होती. त्याने तिच्या पाठीकडे पाहिलं. या बाईने गुपचूप, डाव हातात धरून, शेकडो खुनी पकडले होते आणि कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. तो परत आला आणि त्याने एक नवा रकाना आखला. 'ओळखलं, पान क्रमांक.'

दोनशे चौदा पुस्तकं झाली तेव्हा त्याने वर्षांप्रमाणे यादी लावली आणि नव्या रकान्यावरून बोट फिरवत खाली आला. अडतीस, पस्तीस, एकेचाळीस, तीस. मग शेवटच्या तीन वर्षांत सत्तर, नव्वद, एकशे दहा. आणि अखेरच्या नऊ पुस्तकांपुढे काहीच नाही. समास कोरे होते, पानं एकमेकांना चिकटलेली, नवीकोरी.

मीटरचा आकडा थांबला की दोनच कारणं असतात. घर बंद असतं, नाहीतर मीटर. मिस्बाहने पाय ओढत जाऊन विचारलं.

"तुला वाचता येत नाहीये का?"

इन्साफने गॅस बारीक केला. "कोणी सांगितलं?"

"आकड्यांनी."

तिने डाव बाजूला ठेवला. मग म्हणाली, "डावा डोळा गेला. दोन वर्षं झाली. मागचा पडदा खराब झालाय म्हणतात, त्याला इलाज नाही. उजवा चांगला आहे, पण दिव्याखाली लगेच दुखायला लागतो. डॉक्टर म्हणतो दिवसा वाचा, आणि उजेड उजव्या हाताने येऊ द्या." ती हसली. "दिवसा! या खिडकीतून?"

त्याने खिडकीकडे पाहिलं. समोरच्या घराने आधी मोठ्या मुलाच्या लग्नासाठी एक मजला चढवला होता, मग धाकट्यासाठी दुसरा. तिथे आता दुपारीही संध्याकाळ असायची. हे मजले चढताना मिस्बाहने विटा मोजल्या होत्या. उजेड मोजला नव्हता.

"मला सांगायचं तरी."

"सांगून काय करणार होतात? तक्ता?"

टोमणा बसला, आणि त्यातूनच कल्पना निघाली. स्वयंपाकघराला लागून दक्षिणेला काचा लावलेली बाल्कनी होती. तेलाचे डबे, लोणच्याच्या बरण्या आणि हैसमची लहानपणची सायकल यांनी भरलेली. ती रिकामी केली, तिथे एक काटकोनी बाक बसवला, लांब बाजू काचेखाली, आखूड बाजू टोकाच्या भिंतीला, वर-खाली पुस्तकांच्या फळ्या, तर? आखूड बाजूवर भिंतीला पाठ टेकून बसलं की काच बरोबर उजव्या हाताला येत होती. दार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे वाटही मोकळी. मिस्बाहने मान हलवली. मैसूनबाई यायच्या आत हे व्हायला हवं. खोकी एकदा दाराबाहेर गेली की बाकाला काही अर्थ नव्हता. आणि इन्साफला आधी कळता कामा नये, कारण कळलं तर ती 'कशाला उगाच' म्हणणार, आणि 'कशाला उगाच' हा या घरातला शेवटचा शब्द असायचा.

एक चौकट म्हणजे दहा सेंटिमीटर, असा हिशेब धरून त्याने बाल्कनी संगणकात उतरवली. इन्साफ शेजारी गेली की हा टेप घेऊन बाल्कनीत. भिंत करडी, काच निळी, बाक पिवळा. प्रत्येक बाजूवर माप लिहिलं. घरी छपाईचं यंत्र नव्हतं, म्हणून विद्यापीठाच्या रस्त्यावरच्या दुकानात जाऊन कागद छापून आणला आणि तसाच अबू जुहैर सुताराकडे गेला.

"माप घ्यायला कधी येऊ?" अबू जुहैरने विचारलं.

"यायची गरज नाही. माप कागदावर आहे."

"आणि भिंत?"

"तीही कागदावर आहे."

"वा! मग लाकूडही कागदाचंच लावतो." अबू जुहैरने चष्मा लावून कागद धरला. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. माप घ्यायला जायचं, भिंतीवर हात फिरवायचा, कॉफी प्यायची आणि घरमालकाची अक्कल काढायची, हे त्याच्या धंद्यातलं निम्मं सुख होतं. "चाळीस वर्षांत मला कोणी घरी येऊ नको म्हटलं नाही, अबू हैसम."

"उम्म हैसमला कळू द्यायचं नाहीये, बाबा. तू आलास की तिला कळेल. ताकास तूर लागू द्यायची नाही."

"बायकोपासून बाक लपवतोस?" अबू जुहैर जरा निवळला. "लोक दुसरी बायको लपवतात."

कागद त्याच्या हाती देण्याआधी मिस्बाहने त्यावरचा प्रत्येक आकडा तीनदा तपासला. दोन मीटर चाळीस. एक मीटर वीस. फळीची खोली बावीस. सगळे बरोबर. चित्राकडे पाहताना मनात काहीतरी खटकलं, जिन्यात चुकून एक पायरी जास्त धरली की होतं तसं. पण मीटर वाचणारा माणूस आकडे पाहतो, मीटरचं तोंड पाहत नाही.

महिनाअखेरच्या मंगळवारी इन्साफ बहिणीकडे अजलूनला गेली. बाल्कनी रिकामी झाली होती, जुनं सामान काढतोय एवढंच तिला सांगितलं होतं. दहा वाजता अबू जुहैर आणि त्याचे दोन भाऊ बाक खांद्यावर घेऊन जिना चढले. बाक देखणा झाला होता. बीचचं लाकूड, कडा हाताने घासलेल्या, एकसंध. तिघांनी तो स्वयंपाकघरातून बाल्कनीच्या दाराशी आणला, आत घातला, आणि थांबले. आखूड बाजू दाराच्या आडवी येत होती. बाक आत ठेवला तर माणूस आत जाऊ शकत नव्हतं. फिरवला तर लांब बाजूच दार अडवत होती.

"उलटा झालाय," एक भाऊ म्हणाला.

"मी उलटं करत नाही," अबू जुहैर म्हणाला आणि खिशातून कागद काढला. घरात दार होतं तिथे कागदावर भिंत होती आणि भिंत होती तिथे दार. बाक कागदाबरहुकूम, तंतोतंत. "जे लिहिलंय ते केलंय. आता बोल, कागदाने कॉफी पाजली का मला?"

रुबा रात्रपाळीहून येऊन झोपली होती. गलका ऐकून उठली. तिने कागद पाहिला, संगणक चालू करून तक्ता पाहिला, आणि कपाळावर हात मारला. "बाबा, आपला अरबी तक्ता उजवीकडून सुरू होतो. पहिला रकाना उजवीकडे. दुकानातला प्रोग्राम परदेशी पद्धतीचा असणार, त्याने पहिला रकाना डावीकडे धरला. सगळे रकाने त्याच क्रमाने, फक्त उलट्या बाजूने."

"पण अक्षरं तर सरळ आहेत!"

"अक्षरं सरळच राहतात. आकडेही सरळ. फक्त घर उलटं."

मिस्बाह कागदाकडे आणि संगणकाच्या पडद्याकडे आळीपाळीने पाहत राहिला. "म्हणजे एकही आकडा न बदलता सगळं घर फिरलं? आतल्या आत? आणि परत आणलं तर परत सरळ होईल?"

"बाबा, आई चार वाजता येतेय."

बाक परत न्यायला अबू जुहैरने साफ नकार दिला. जिन्यातून उतरवताना कडा जातील म्हणाला. शनिवारी करवत घेऊन येतो, आखूड बाजू कापून दुसरीकडे जोडतो, सांधा दिसेल, पण माझा दोष नाही. तोवर ठेवायचा कुठे? तेवढी मोकळी जागा घरात एकाच खोलीत होती. दोन कोच भिंतीला सरकवले, एक जोडकोच गच्चीवर नेला, आणि बाक दिवाणखान्याच्या कोपऱ्यात टेकवला. लांब बाजू आतल्या भिंतीला बरोबर लागली आणि आखूड बाजू जवळजवळ खिडकीपर्यंत पोचली. कॉफीच्या कपांचं निम्मं कपाट मात्र झाकलं गेलं.

इन्साफ चार वाजता सुक्या अंजिरांची पिशवी घेऊन आली आणि दिवाणखान्याच्या उघड्या दारात उभी राहिली.

"हे काय आहे?"

"बाक," मिस्बाह म्हणाला.

"कोणाचा?"

"तुझा. वाचायला. म्हणजे इथे नाही, बाल्कनीत. पण उलटा झाला. शनिवारी कापणार आहेत." त्याने सगळं सांगितलं, रकान्यांसकट. सांगताना त्याला कळत होतं की हे ऐकायला फारच वेडगळ वाटतंय.

"हज्जे शुक्रवारी आल्या की त्यांना कुठे बसवू? माझ्या मांडीवर?"

हज्जे म्हणजे हजहून आलेली मिस्बाहची थोरली बहीण फिक्रिया. गेली चाळीस वर्षं दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर ती येत असे आणि दिवाणखान्याच्या नेमक्या त्याच कोपऱ्यात बसत असे. गच्चीवर गेलेला जोडकोच तिचा होता.

"मला आधी विचारायचं होतं," रात्री जेवताना इन्साफ म्हणाली.

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते." तिने भाकरी मोडली. थोड्या वेळाने म्हणाली, "लाकूड चांगलं आहे." आणि झोपण्याआधी बाकावर एक चादर घालून आली, मेलेल्या माणसावर घालतात तशी, चारही टोकं खोचून.

बुधवारी सकाळी मिस्बाह पाव आणि फलाफल घेऊन परतला. दिवाणखान्याचं दार पुढे केलेलं होतं. त्याने फटीतून पाहिलं. चादर घडी करून कोचावर ठेवली होती. इन्साफ आखूड बाजूवर, भिंतीला पाठ टेकून, पाय वर घेऊन बसली होती. दिवाणखान्यात तिला पाय वर घेऊन बसलेलं त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. ऊन खिडकीतून तिच्या उजव्या खांद्यावर आणि तिथून पानावर पडत होतं.

त्याने पायाने दार ढकललं. ती दचकली नाही, फक्त म्हणाली, "बघत होते, पाठीला टोचतो का."

"टोचतो?"

"अजून कळलं नाही," ती म्हणाली आणि पान उलटलं.

गुरुवारीही तिला ते कळलं नाही, दीड तास. मिस्बाह बाहेर येरझाऱ्या घालत होता. विचारावं तर 'कशाला उगाच' ऐकू येईल. न विचारावं तर शनिवारी सकाळी अबू जुहैरची करवत येणार होती आणि त्याच सकाळी मैसूनबाईंची गाडी. अकरा खोकी बाहेरच्या दाराशी दोन रांगांत रचलेली होती. जाता-येता तो ती मोजायचा. गुरुवारी संध्याकाळी मोजली तेव्हाही अकराच होती, पण सर्वांत वरच्या खोक्यातली तीन पुस्तकं कमी होती. त्याने ही गोष्ट तक्त्यात लिहिली नाही. इन्साफ मात्र बाकाबद्दल एक अक्षर बोलली नाही, फक्त शुक्रवारच्या जेवणाला कोंबडी आणायला सांगितली.

शुक्रवारी जेवण आटोपून ती परत दिवाणखान्यात गेली. दोन वाजून वीस मिनिटांनी घंटा वाजली.

"ताई आल्या," मिस्बाह दारातून म्हणाला. एरवी घंटेबरोबर इन्साफ उठायची, ओढणी सारखी करायची, दारापर्यंत सामोरी जायची.

"मग दार उघडा की," इन्साफ पुस्तकातून म्हणाली.

हज्जे फिक्रिया चौऱ्याहत्तर वर्षांची, ताठ, काळ्या कोटात. ती भावाला गालावर दोन मुके देऊन सरळ दिवाणखान्यात गेली, आपल्या कोपऱ्याकडे वळली, आणि जागच्या जागी थांबली.

"मिस्बाह, हे दुकानातलं फळकूट इथे कोणी आणलं? आणि माझा कोच?"

"ताई, दोन दिवसांचाच प्रश्न आहे. उद्या सुतार येतोय, कापून बाल्कनीत..."

"कापायचा नाही," इन्साफ म्हणाली.

दोघंही भावंडं तिच्याकडे वळली. तिने मान वर केली होती, पण बोट ओळीवरच होतं.

"या, हज्जे, या. घर तुमचंच आहे. दाराजवळच्या कोचावर बसा, तिथे शेगडी जवळ आहे, गुडघ्यांना बरं वाटेल. माझी पाच पानं उरली आहेत."

"पाच काय?"

"पानं. तीन वाजता ऊन खिडकीवरून सरकतं."

फिक्रियाने पर्स छातीशी धरली. "पाहुण्याला उभं ठेवून पानं मोजायची! आमची आई असती तर..."

"उभं कोण ठेवतंय? बसा म्हणाले ना. आणि तुम्ही पाहुण्या कुठल्या, हज्जे? चाळीस वर्षं येताय. या चाळीस वर्षांत परकं कोणी इथे किती वेळा बसलं, सांगा बरं." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "यांना विचारा, यांनी मोजलं असेल."

मिस्बाहने खरंच मोजलं होतं, पण आकडा पोटात ठेवला.

"आणि अबू हैसम," ती म्हणाली, "अबू जुहैरला फोन करा, उद्या करवत आणू नको म्हणावं. कॉफीला ये म्हणावं, हवं तर टेपही आण म्हणावं. आणि मैसूनबाईंनाही करा. पुस्तकं नाही देता येणार, माफ करा म्हणावं."

"एकही नाही?" तो विचारून गेला.

"माझी वाचून व्हायची आहेत."

तो जवळजवळ पळतच बोळातल्या फोनपाशी गेला. अबू जुहैर म्हणाला, "कापायचा नाही? मग तो उलटा कुठे होता?" मैसूनबाई घरी नव्हत्या, त्यांच्या सुनेला निरोप दिला, दोनदा. तेवढा सगळा वेळ त्याचा एक कान दिवाणखान्याकडे होता. तिकडून आवाजच येत नव्हता. ना भांडण, ना बांगडी. त्याला राहवेना. त्याने चपला बोळातच काढल्या आणि अनवाणी जाऊन दाराच्या फटीला डोळा लावला.

फिक्रिया दाराजवळच्या कोचावर, कोटाची बटणं लावलेली, मांडीवर पर्स घट्ट धरून, दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहावी तशी बसली होती. समोर ऊन, उन्हात इन्साफ.

"तीन," इन्साफ मान वर न करता म्हणाली.

"मी विचारलं का?" फिक्रिया म्हणाली. तिने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मेलंय तरी कोण त्यात?"

"नवरा."

"मग घाई काय आहे," फिक्रिया म्हणाली, आणि कोटाचं वरचं बटण सोडून कोचाला टेकून बसली. "वाच."